एक वाजून वीस मिनिटांनंतरचा हात

उचलली जीभ, लावली टाळ्याला. एवढंच करून तुम्ही माझ्या काकांना लबाड ठरवलंत. पत्रावर स्पर्धा समितीचा शिक्का आहे, खाली तीन सह्या आहेत आणि तिन्हींपैकी एकाही सहीवरून नाव कळत नाही. दुसऱ्याचं नाव पुसायला निघालेल्या माणसानं स्वतःचं तरी वाचता येईल असं लिहावं.

तुमचं वाक्य असं आहे: "हातचावी, एकल ऑपरेटर या गटात आपल्या रेडिओ केंद्रावरून दुपारी एक वाजून वीस मिनिटांनंतर दुसऱ्या, अधिक अनुभवी ऑपरेटरने संदेश पाठवल्याचे ध्वनिमुद्रणावरून स्पष्ट होते." म्हणजे सकाळी सहापासून मी बसले आणि दुपारी काकांना बसवलं. त्याबद्दल माझा निकाल रद्द. ठीक आहे. तुमच्या पहिल्या नंबरच्या ढालीवाचून माझ्या घरातलं काही अडलेलं नाही. पण त्याखाली आणखी एक ओळ आहे. तीस दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर काकांचं नाव मानकऱ्यांच्या यादीतून काढून टाकण्यात येईल. पन्नास वर्षं त्या माणसानं एका मोर्सच्या चावीवर ते नाव कमावलंय. तुम्ही ते एका ओळीत काढणार.

खुलासा हवाय ना? घ्या. ज्यात आमची लाज आहे तोसुद्धा घ्या.

मी मोटारी वाइंड करते. जळालेली मोटर आली की तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, खाचांमध्ये नवा कागद घालायचा, नवी तार हातानं ओढून घट्ट बसवायची, वर वार्निश द्यायचं. पाण्याचे पंप, गिरण्यांच्या मोटारी, पंखे. वीस वर्षं झाली. तार ओढून ओढून माझ्या उजव्या मनगटातली नस दाबली गेलीय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, यांना मुंग्या येतात आणि मग ती माझी राहत नाहीत. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा. मी म्हटलं, पंपांचा सीझन संपू दे.

काका तार ऑफिसात होते. त्यांच्या वेळची माणसं चावी डाव्या हातानं मारायची, कारण उजव्या हातातली पेन्सिल खाली ठेवायला फुरसत नसायची. मी सात वर्षांची असल्यापासून काका-काकूंकडे वाढले. तेव्हाच काकांनी माझा डावा हात आपल्या डाव्या हाताखाली घेतला आणि चावीवर ठेवला. मला अक्षरं लिहायला नीट येत नव्हती, तेव्हा मला ती वाजवता येत होती.

समितीत मोर्स न येणारी माणसं आहेत अशी मला दाट शंका आहे, म्हणून सांगते. मोर्समध्ये अक्षर म्हणजे टिंबं आणि रेघा, आखूड आवाज आणि लांब आवाज. सगळे तेच पाठवतात, पण जशी प्रत्येकाची चाल वेगळी तसा प्रत्येकाचा हात वेगळा. काकांच्या 'सी'मधलं शेवटचं टिंब जरा उशिरा पडतं, दारात थबकून मग आत येणाऱ्या पाहुण्यासारखं. आणि 'क्यू'ची शेवटची रेघ ते ओढतात. 'सीक्यू' म्हणजे 'कोणी आहे का, बोला', ही आम्हा हौशी रेडिओवाल्यांची आरोळी. काकांनी ती मारली की सात समुद्रांपलीकडचे म्हातारे कान टवकारतात. नाव सांगायची गरज पडत नाही.

सतराव्या वर्षी मी उजव्या हातावर गेले. वेग बरा यायचा हे खरं, पण त्याहून खरं हे, की मला 'त्यांची पुतणी' म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता. उजवा हात मी स्वतः घडवला. कोरडा, तुटक, एका मापाचा. काका म्हणायचे, "तुझा हात ऐकला की वाटतं, कोणीतरी खिळे ठोकतंय." मला ते आवडायचं. डाव्या हातानं मी त्यानंतर चावीला शिवलेही नाही.

आता लाजेची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी काकांचे कान गेले. हळूहळू नाही, एका हिवाळ्यात. यंत्र लावून पाहिलं, त्यांना म्हणे नुसती घरघर येते. घरातल्या आम्हा तिघांशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं. दर रविवारी सकाळी दहा वाजता काकांचे जुने सोबती रेडिओवर, म्हणजे हवेत, जमतात. त्यातला सगळ्यात जुना म्हणजे दीपगृहवाला. हा महासागरापलीकडचा, आयुष्यभर दीपगृहावर नोकरी केलेला माणूस. पन्नास वर्षांची दोस्ती, एकदाही भेट नाही. काकांनी त्याला कान गेल्याचं सांगू दिलं नाही. मग आम्ही रविवारचा एक मार्ग काढला. हेडफोन मी घालायचा, ऐकलेलं कागदावर उतरवायचं, काकांनी वाचायचं आणि उत्तर आपल्या हातानं द्यायचं. दीपगृहवाला दर वेळी म्हणायचा, "तुझा हात अजून तरुण आहे." काका कागदावर ते वाचून लाजायचे.

म्हणजे एका केंद्रावर दोन माणसं आम्ही बसवली होती. रविवारी, गप्पांना. स्पर्धेत नाही. हा फरक तुम्हाला कळेल असं मी धरून चालते, तसं वाटावं असं तुमच्या पत्रात काही नसलं तरी.

*

स्पर्धा बारा तासांची होती, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. जितक्या लांबच्या, जितक्या जास्त केंद्रांशी संपर्क होईल तितके गुण. प्रत्येक संपर्कात दोघांनी एकमेकांना क्रमांक द्यायचा: हा माझा अमुकावा. त्यामुळे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना भेटले की कोण पुढे ते लपत नाही. आपली पत्रं आपणच उघडी करायची आणि 'धन्यवाद' म्हणून पुढे जायचं.

माझा प्रतिस्पर्धी ठरलेला होता. आम्ही त्याला गिरणी म्हणतो, कारण तो एकदा सुरू झाला की मधे श्वास घेत नाही. चार वर्षं तो पहिला आणि मी दुसरी.

उजवा हात चावीवर, डावा कीबोर्डवर नोंदीला. समोर काका. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं, तरी सकाळी सहापासून ते माझ्यासमोर टेबलावर पालथा पंजा ठेवून बसले होते. चावीचा ठोका लाकडातून त्यांच्या हाताला लागतो. समोरचा काय बोलतो ते त्यांना कळत नाही, मी काय बोलते ते कळतं. एकतर्फी फोन ऐकणाऱ्या माणसासारखे ते अंदाज बांधत होते.

"तीनशे झाले ना?" ते ओरडले. कान गेल्यापासून ते सगळंच ओरडून बोलतात.

मी मान हलवली.

"गिरणीचे किती?"

"अहो, तिला खाऊ द्या दोन घास," काकू म्हणाली. तिचं बोलणं त्यांना कळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती तरीही बोलते. "घे गं, तोंड उघड." तिनं माझ्या तोंडात बिस्किट कोंबलं, आणि त्याच क्षणी गिरणीनं मला हाक मारली. पावणेएक वाजला होता. त्यानं दिला तीनशे अडतीस. मी दिला तीनशे एकतीस.

सातनं मागे. बारा तासांत सात म्हणजे काही नाही, आणि सात म्हणजे सगळं.

एक वाजून दहा मिनिटांनी मी एका बेटावरच्या केंद्राला तीनशे पंचेचाळीस दिला. त्यानं विचारलं, क्रमांक पुन्हा? मी पुन्हा दिला. क्रमांक पुन्हा? पाच हा आकडा म्हणजे पाच टिंबं. चार पडली तर तो आकडाच राहत नाही, 'एच' होतो. सहा पडली तर तो कोणाचाच राहत नाही. माझी बोटं चार पाडत होती की सहा, ते मला कळत नव्हतं. ती बोटं कुठे आहेत हेच मला कळत नव्हतं. मी खाली पाहिलं. चावीवर बोटं होती. नखं वार्निशनं पिवळी झालेली, म्हणजे माझीच असावीत.

तिसऱ्यांदा दिला. तो बेटावरचा माणूस कंटाळून निघून गेला. मागे रांगेत थांबलेले तिघेही पांगले. हवेत असंच असतं. तुम्ही अडखळलात की लोक शेजारच्या दुकानात जातात.

मी हात झटकला. मांडीवर आपटला. काकू गरम पाण्याचं भांडं घेऊन आली, त्यात बुडवून ठेवला. घड्याळ एक पंधरा दाखवत होतं. पलीकडे गिरणी चालूच होती, मला ऐकू येत होती.

"थांबली का?" काका ओरडले. त्यांचा पंजा टेबलावर तसाच होता. "का थांबली? ए पोरी!"

मी त्यांचं मनगट धरून डाव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटकवलं: हात गेला. घरात मी त्यांच्याशी असंच बोलते, ओरडण्यापेक्षा बरं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आपल्या मनगटाकडे बघितलं, तिथे ज्या बोटानं टकटक केली त्या बोटाकडे.  तेवढंच. तुमच्या पत्रात या क्षणाला 'ऑपरेटर बदलला' असं म्हटलंय.

चावी एका फळीवर स्क्रूनं बसवलेली आहे. मी फळी उचलून डावीकडे आणली. कीबोर्ड उजवीकडे ढकलला. एक वाजून वीस मिनिटांनी मी डाव्या हातानं सीक्यू मारला. चोवीस वर्षांनी.

मला वाटलं होतं, लहान मुलासारखा धडपडेल. तसं झालं नाही. हात चालला. पण तो मला विचारून चालत नव्हता. 'सी'चं शेवटचं टिंब थबकलं. 'क्यू'ची शेवटची रेघ लांबली. मी ती आखूड करायला गेले तर पुढचं अक्षर अडखळलं, म्हणून नाद सोडला. म्हटलं, जा बाबा तुला जसं जायचं तसं. समोर काकांचा पंजा एकदम टेबलावरून उचलला गेला, चटका बसल्यासारखा. मग त्यांनी तो हळूच परत ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

पहिल्याच हाकेला सहा जण आले. एकानं तर मला सरळ 'गुरुजी' म्हणून नमस्कार घातला. मी समजून जायला हवं होतं. मी चुकले ती इथे. त्या क्षणी मी सगळ्या जगाला सांगायला हवं होतं, की बाबांनो, मी डाव्या हातावर आलेय, ही मीच आहे. पण हे सांगायला वीस सेकंद लागतात, आणि वीस सेकंदांत अर्धा संपर्क होतो. शर्यतीत पळणारा माणूस बूट का बदलला ते सांगत बसत नाही.

त्यानंतरचे साडेचार तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. उजव्या हाताची मूठ करून एका सांध्यानं मी नोंदी टाइप करत होते. काकू घाम पुसत होती आणि बडबडत होती, "हे काय खेळ झाले का? लोक बाई व्यायामानं दमतात, ही बसून दमते." चार वाजता चारशे ऐंशी. पाच वाजता पाचशे वीस. सहाला सोळा मिनिटं असताना शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर गिरणी कोणालातरी पाचशे एकोणपन्नास देताना मी ऐकला. माझा पाचशे एकावन्न झाला होता.

आणि मग आला पाचशे पंचावन्न. पंधरा टिंबं. दुपारी याच आकड्यानं माझा जीव घेतला होता. समोर एक अगदी क्षीण केंद्र, कुठल्यातरी बर्फातलं, पिठातून आवाज यावा तसं. एकदाच देता येणार होता, तो पुन्हा विचारायला टिकला नसता. मी श्वास धरला. डाव्या हातानं पाच, पाच, पाच. शेवटचं टिंब पडल्यावर काकांनी टेबलावर थाप मारली. "पंधरा! मोजली मी!"

बर्फातल्या माणसानं 'मिळाला' म्हटलं.

पाचशे एकसष्टवर सहा वाजले. गिरणी पाचशे सत्तावन्नवर थांबला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्यानं मला नंतर त्याच्या पद्धतीनं कळवलं. त्याची तक्रार नव्हती. हे नीट वाचा. हरलेल्या माणसाची तक्रार नव्हती.

*

तक्रार दीपगृहवाल्याची होती. तुम्ही त्याचं पत्र सोबत जोडलंत. "दुपारनंतर त्या केंद्रावर माझा मित्र होता. मी त्याचा हात पन्नास वर्षं ओळखतो. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण नियम तो नियम." बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं.

मी ते पाकीट दुकानात नेऊन वार्निशच्या डब्यांमागे ठेवलं. पाच दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर ते काकांच्या हातात होतं. काकूनं माझी पिशवी झटकायला दुकान गाठलं होतं म्हणे. पिशवी दुकानात नव्हतीच, हा भाग वेगळा.

"मी काय केलं?" काकू म्हणाली. "मला वाटलं, तुझं कोणाशीतरी जमलंय. चेहरा पडला होता तुझा."

"काकू, समितीच्या शिक्क्याचं प्रेमपत्र कोण पाठवतं?"

"आजकालचं काय सांगावं बाई."

काका हसत होते. खरंच हसत होते. दीपगृहवाल्याचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं होतं. "ओळखला!" ते ओरडले. "लाकडातून मलाही कळलं होतं. मला वाटलं, माझीच बोटं चालतायत." मग त्यांनी खालची ओळ पुन्हा वाचली, यादीतून नाव काढण्याची, आणि हसू तिथेच विझलं.

मी त्यांच्या मनगटावर टकटकवलं: मी कळवते त्यांना, काका बहिरे आहेत. ते कसे बसतील स्पर्धेला?

"नाही."

"का नाही? प्रश्नच मिटला," काकू म्हणाली, आणि त्यांना कळावं म्हणून दोन्ही हात झटकून दाखवले.

"पोरी, डोकं चालव," काका म्हणाले. "मी बहिरा आहे म्हणून काय सिद्ध होतं? रविवारी काय करतो आपण? तू ऐकतेस, मी पाठवतो. ते म्हणतील, दुपारनंतर हेच केलंत. बहिरेपण सांगितलं तर आपण निर्दोष नाही ठरत. आपण कसं केलं ते त्यांना कळतं, एवढंच."

 खरं होतं. आमचाच रविवार आमच्या गळ्यात अडकला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"आणि," काका म्हणाले, या वेळी ओरडून नाही, इतकं हळू की त्यांना स्वतःला आपला आवाज किती आहे ते कळत नसावं, "त्याला काय सांगू? तीन वर्षं मी त्याचं एक अक्षर ऐकलेलं नाही म्हणून?"

काकू उठली आणि दिवे लावायला गेली. दिवे लागलेलेच होते.

*

त्या रविवारी दहा वाजता काकांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि दीपगृहवाल्याला एकट्याला वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलावलं. मी हेडफोन घालून पेन्सिल घेऊन बसले. मोर्सवर सगळे त्याच तुटक इंग्रजीत बोलतात, मी इथे माणसासारखं लिहिते.

काकांनी पाठवलं: "तक्रार वाचली. तू प्रामाणिक आहेस. आता माझं ऐक. तीन वर्षांपूर्वी माझे कान गेले. तेव्हापासून तुझं ऐकते ती माझी पुतणी. मी तिच्या कागदावर तुला वाचतो. हात माझाच असतो."

पलीकडे काही नाही. नुसती हवा. मी पेन्सिल टेकवून बसले होते आणि काका माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"गेला का?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली, नाही. त्याची चावी उघडझाप करत होती. तो सुरू करत होता आणि थांबत होता. शेवटी आलं: "म्हणजे तीन वर्षं मी कोणाशी बोलत होतो?"

मी लिहिलं. काकांनी वाचलं. त्यांचा डावा हात चावीवर गेला आणि तिथेच राहिला. उत्तर मला सुचलं होतं, पण ते माझं नव्हतं.

"दोघांशी," काकांनी पाठवलं. "पण स्पर्धेत ती एकटी होती. डाव्या हातानं. तो हात तिला मी दिलाय, म्हणून तुला मी ऐकू आलो."

"असं होत नाही," त्यानं म्हटलं. "दोन माणसांचा हात एक नसतो."

"पुढच्या रविवारी ठरव. आम्ही दोघं एकाच वेळी पाठवू. दोन सेट, दोन फ्रिक्वेन्सी. तू एका कानात एकाला, दुसऱ्या कानात दुसऱ्याला ऐक, आणि सांग मी कुठला."

 त्यानं पाठवलं, "ऐकतो. पण मला तू सापडलास तर मी तसं लिहीन."

काकांनी ते वाचून मान डोलावली. त्यांना याच माणसाशी दोस्ती हवी होती, दुसऱ्या कोणाशी नाही.

*

माझ्या दुकानात एक छोटा सेट आहे. दुकान घरापासून दहा मिनिटांवर. ठरलं असं: काका घरी, मी दुकानात, दहा वाजून पंधरा मिनिटांनी घड्याळ बघून दोघांनी सुरू करायचं. मजकूर एकच, तार ऑफिसातला सरावाचा जुना उतारा, कुठलंतरी जहाज कधी येणार आणि माल कोण उतरवून घेणार असा. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोण, ते नाणं उडवून. नाणं काकूनं उडवायचं.

"मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणूनच तू," मी म्हटलं. "या घरात मोर्स न येणारी तू एकटीच निष्पक्ष आहेस."

"चाळीस वर्षं टकटक ऐकून निष्पक्षच राहिलेय," काकू म्हणाली, आणि नाणं पार कपाटाखाली घालवलं. केरसुणीनं काढावं लागलं. काका खालच्या फ्रिक्वेन्सीवर, मी वरच्या.

दहा चौदा. दुकानात अर्धवट भरलेली एक मोटर पोट उघडं टाकून पडली होती. ती बाजूला सरकवून मी चावी ठेवली. उजवा हात मी मांडीखाली दाबून बसले, म्हणजे तो मदतीला येणार नाही. तिकडे काकांना आपलाही ठोका ऐकू येणार नव्हता. त्यांना सगळं बोटांच्या आठवणीवर काढायचं होतं. त्यांचा हात सुटला असता, जरासा जरी घसरला असता, तर तो वेगळा म्हणून सहज ओळखू आला असता आणि आम्ही दोघं संपलो असतो. आणि मी? मी आतापर्यंत त्या हाताला फक्त घाईत सोडलं होतं. आता मुद्दाम तसंच पाठवायचं म्हटलं की ते नक्कल होतं, आणि नक्कल दीपगृहवाल्यानं पहिल्याच ओळीत पकडली असती.

दहा पंधरा. मी डोळे मिटले आणि त्या हाताकडे लक्ष न देण्याचा आटोकाट प्रयत्न केला. तार भरताना मोजते तशा मी मनात मोटारीच्या खाचा मोजत होते. छत्तीस खाचा. हात आपला चालला होता.

उतारा संपला. पाच मिनिटं. मी हेडफोन दाबून धरला.

"पुन्हा," त्यानं म्हटलं. "दोघांनी. दहा तीसला."

हे ठरलेलं नव्हतं. काकांना ते ऐकू जाणार नव्हतं! मी काकूला फोन लावला. "काकू, कागदावर लिही, पुन्हा, दहा तीस, दाखव त्यांना."

"पुन्हा काय?"

"सगळं!"

दहा तीस. पुन्हा जहाज, पुन्हा माल. पलीकडे काय ऐकू जातंय ते मला कळत नव्हतं. शेवटची रेघ ओढून मी थांबले. हवेत सळसळ. मग त्याची चावी.

"खालचा तो आहे."

 खाली काकाच होते.

"नाही," तो पुढे म्हणाला. "वरचा. पहिल्या वेळी वरचा. आता खालचा." मग बराच वेळ काही नाही. "मी दोन्ही मुद्रित केलेत, पुन्हा लावून ऐकले. मला सांगता येत नाही. पन्नास वर्षं ऐकलं आणि मला सांगता येत नाही. तुझ्या काकाला सांग, मी चुकलो. समितीला मी आजच कळवतो."

मी दुकान उघडंच टाकून पळाले.

काका चावीवर हात ठेवून तसेच बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना अर्धं कळलं. "ओळखला?"

मी मनगटावर दिलं: नाही.

"नाही ओळखला." त्यांनी स्वतःशीच म्हटलं. मग, "अजिबात नाही?"

अजिबात नाही.

त्यांनी माझा डावा हात उचलला, उलटा केला, पालथा केला, बाजारात एखादी वस्तू पारखून घ्यावी तसा. मला वाटलं, आता हा माणूस खूश होईल, नाव वाचलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यभर जी एकच गोष्ट आपली एकट्याची आहे असं वाटलं, ती आपली एकट्याची नाही, हे त्या सकाळी त्यांना कळलं. आणि ते सिद्ध करायला त्यांना स्वतःलाच राबावं लागलं. हे तुमच्यामुळे.

"आता हसणार की रडणार ते ठरवा लवकर," काकू म्हणाली. "चहा उकळून चाललाय."

*

दीपगृहवाल्यानं तक्रार मागे घेतली, त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्याच्या दोन्ही कानांतलं मुद्रण त्यानं तुम्हाला पाठवलं, मीही पाठवलं. तुमचं उत्तर आलं: "आपले पत्र मिळाले." पत्र मिळतंच हो. टपालवाल्याचं काम तो करतो.

आज अठ्ठाविसावा दिवस आहे. उद्या-परवा तुम्ही बसाल, चहा प्याल आणि एका बहिऱ्या माणसाचं नाव यादीतून खोडाल, कारण त्याचा हात तुम्ही म्हणे ऐकलात. तुमच्या कानावर तुमचा एवढा भरवसा आहे. त्या कानाच्या जोरावर मला अधिक अनुभवी माणसाची गरज पडली असंही तुम्ही ठरवलंत. मग त्याच कानानं हेही ठरवा. त्या रविवारच्या मुद्रणात एका बाजूला काका आहेत आणि एका बाजूला मी. दहा पंधराचं आणि दहा तीसचं, दोन्ही ऐका. हवं तितक्या वेळा ऐका. तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐका आणि तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहा. त्यातले माझे काका कुठले? वरचे की खालचे?

सांगता येत असेल तर सांगा. येत नसेल तर तसं लिहा, आणि या वेळी सहीखाली नाव घाला. उत्तर द्या.